एकटीचं घरटं

हमिंगबर्डच्या घरट्याचा विषय निघाला की पहिलं कौतुक होतं ते आकाराचं. क्युबातला बी हमिंगबर्ड हा जगातला सर्वांत लहान पक्षी. त्याचं वजन दोन ग्रॅमच्या आसपास आणि घरटं जेमतेम तीन सेंटिमीटर रुंद. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात उन्हाळ्यात सर्रास दिसणाऱ्या रुबी-थ्रोटेड हमिंगबर्डचं घरटं बाहेरून पाच सेंटिमीटर रुंद आणि आतून अडीच सेंटिमीटर खोल, म्हणजे अक्रोडाच्या अर्ध्या कवचाहून थोडं मोठं. छायाचित्रांत मापासाठी शेजारी नाणं ठेवलेलं असतं आणि बघणाऱ्याचं लक्ष त्या नाण्याशी तुलना करण्यातच अडकतं. कौतुक रास्त आहे, पण त्यात एक मोठा प्रश्न मागे पडतो. त्या घरट्यावर नर कधीच दिसत नाही. हमिंगबर्डच्या सुमारे ३६० जाती आहेत आणि जवळपास सगळ्यांमध्ये जागा निवडणं, घरटं बांधणं, अंडी उबवणं, पिल्लांना भरवणं ही सगळी कामं मादी एकटी करते. मीलनानंतर नराचा त्या अंड्यांशी संबंध संपतो. दर काही मिनिटांनी फुलाकडे गेलं नाही तर उपाशी पडणारा तीन ग्रॅमचा जीव दोन अंडी रात्रंदिवस ऊबदार ठेवतो आणि पुढे दोन पिल्लं आपल्याएवढी करून उडवून लावतो, तेही कोणाच्या मदतीशिवाय, हे जमतं कसं? या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग घरट्यातच आहे, असं माझं म्हणणं आहे. पाखराच्या जवळच्या नातलगांमध्ये जे काम दुसरा पालक करतो, त्यातलं बरंचसं काम ही मादी घरट्याच्या बांधणीत आणि जागेच्या निवडीत आधीच करून ठेवते.

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. भारतात हमिंगबर्ड नाहीत. हे कुळ फक्त अमेरिका खंडांत आणि आसपासच्या बेटांवर आहे. पुण्या-मुंबईच्या बाल्कनीत लोंबत्या घरट्यात ये-जा करणाऱ्या ज्या चिमुकल्या पाखराचे व्हिडिओ हमिंगबर्ड म्हणून फिरत असतात, तो आपला शिंजीर. दोघंही मकरंदावर जगतात, दोघांची चोच लांब आणि बाकदार असू शकते, दोघांचे नर उन्हात धातूसारखे चमकतात. पण नात्याने ते फार दूरचे आहेत. शिंजीर चिमण्यांच्या गोतावळ्यातला, तर हमिंगबर्ड पाकोळ्यांच्या. शिंजीर इथे केवळ गैरसमज दूर करण्यापुरता आलेला नाही. माझ्या म्हणण्यावरची सर्वांत कठीण हरकत तोच घेणार आहे, म्हणून त्याला थोडा वेळ बाजूला बसवून पाकोळ्यांकडे जाऊ.

जिमी मॅकग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये जनुकीय माहितीवरून हमिंगबर्डची वंशावळ मांडली. तिच्यानुसार हमिंगबर्ड आणि पाकोळ्या यांच्या वाटा सुमारे ४ कोटी २० लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. आज दिसणाऱ्या जातींचा समान पूर्वज दक्षिण अमेरिकेत सुमारे २ कोटी २० लाख वर्षांपूर्वी होता. (मधल्या काळात या घराण्याची एक शाखा युरोपातही होती, जर्मनीत सापडलेला सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीचा जीवाश्म जेराल्ड मायर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केला.) ज्या नातलगांपासून हे कुळ फुटलं, त्यांच्यात आजही नर आणि मादी मिळून संसार करतात. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातल्या खडकाळ बेटांवर पाकोळ्यांची वस्ती आहे. त्यांची लाळेची घरटी चोरून विकली जात असल्यामुळे ती बेटं बातम्यांतही येऊन गेली आहेत. गुहेच्या भिंतीला चिकटवलेलं ते अर्धवाटीसारखं घरटं, त्यातली अंडी, त्यातली पिल्लं ही दोघांची जबाबदारी. त्याहून बोलकं उदाहरण सह्याद्रीच्या जंगलात मिळतं. डोक्यावर तुरा असलेली पाकोळी, म्हणजे क्रेस्टेड ट्रीस्विफ्ट, आडव्या फांदीच्या कडेला लाळेने सालीचे तुकडे चिकटवून इतकी उथळ बशी करते की तीत एकच अंडं मावतं. पक्षी त्या घरट्यात बसत नाही, कारण ते त्याचा भार पेलणार नाही. तो फांदीवर बसतो आणि पोटाची पिसं अंड्यावर पसरतो. हे घरटं अंडं पडू देत नाही, याहून जास्त काही करत नाही. ऊब धरणं, वारा अडवणं, पावसात आडोसा देणं हे सगळं पक्ष्याच्या अंगावर येतं आणि म्हणून नर-मादीला आळीपाळीने तिथे हजर राहावं लागतं. नातलगांमध्ये घरटं जितकं थोडं, तितकी पालकांची हजेरी जास्त. हमिंगबर्ड या रांगेच्या दुसऱ्या टोकाला आहे.

एकटीने बसायचं म्हणजे काय, याचा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. रुबी-थ्रोटेड मादीचं वजन साधारण तीन ते साडेतीन ग्रॅम आणि तिच्या एका अंड्याचं सुमारे अर्धा ग्रॅम. अंडी दोन, जवळजवळ नेहमीच दोन, म्हणजे काही दिवसांत तिने स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं बाहेर काढलेलं असतं. कवचासाठी कॅल्शियम हवं आणि ते मकरंदात मिळत नाही. म्हणून विणीच्या दिवसांत माद्या राख, माती, वाळू यांचे कण चाटताना दिसतात. अंडी घातल्यावर खरी अडचण सुरू होते. शरीर जितकं लहान, तितका वजनाच्या मानाने कातडीचा पसारा मोठा, आणि तितकी उष्णता झपाट्याने निसटते. एरवी हमिंगबर्ड यावर एक जालीम उपाय करतात: रात्री ते शरीराची आगच मंद करतात. पेरूच्या अँडीज पर्वतात ब्लॅक मेटलटेल या जातीच्या एका पक्ष्याचं तापमान रात्री ३.२६ अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याची नोंद २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. पहाटे तो पुन्हा तापून उडून गेला. अंड्यांवर बसलेल्या मादीला ही सोय सहसा परवडत नाही. ती गार पडली तर अंडीही गार पडतात आणि गर्भाची वाढ थांबते किंवा लांबते. म्हणजे ज्या दिवसांत तिला खायला जायला सर्वांत कमी वेळ मिळतो, त्याच दिवसांत रात्रीचं इंधन सर्वांत जास्त लागतं. पाकोळीची मादी अशा वेळी नराकडे अंडी सोपवून उडते. हमिंगबर्डची मादी ती सोपवते घरट्याकडे, काही मिनिटांपुरती, आणि हे दिवसभर पुनःपुन्हा.

ते घरटं असतं कसं? आतला थर वनस्पतींच्या कापसाचा: विलो, थिसल, डँडेलियन, पाणकणीस यांच्या बियांची लव. ही लव हवा धरून ठेवते आणि ऊब टिकते ती त्या अडकलेल्या हवेमुळे. भोवती ही लव बांधून ठेवणारं कोळिष्टक, आणि सर्वांत बाहेर दगडफुलाच्या पापुद्र्यांचं आवरण. दगडफूल म्हणजे गोडा मसाल्यात आपण जे टाकतो, त्याच जातकुळीचं. कोळ्याचा धागा मादी चोचीने आणि छातीने गोळा करते. फांदीवर तो चिकटवून ती आधी बैठक घालते, ती पायांनी तुडवून घट्ट करते. मग वाटीत बसून अंग फिरवत भिंती गोल करते आणि हनुवटी व छाती यांच्यामध्ये कड दाबून ती आत वळवते. बैठक घट्ट, भिंती मात्र लवचिक. काम साधारण आठवडाभर चालतं, पण अंडी घातली म्हणून ते संपत नाही. कॅलिफोर्नियात, तिथल्या मराठी घरांच्या अंगणांतही, बारमाही दिसणाऱ्या ॲनाज हमिंगबर्डची मादी कधी कधी अर्धवट घरट्यातच अंडी घालते आणि उबवता उबवता स्वतःभोवती भिंत उंच करत नेते.

बाहेरच्या दगडफुलाचं स्पष्टीकरण सगळीकडे एकच दिलं जातं: घरटं फांदीसारखं दिसावं म्हणून. ग्लासगो विद्यापीठातले माइक हॅन्सेल यांनी पक्ष्यांच्या घरट्यांच्या बांधकामावर आयुष्य घालवलं. त्यांनी १९९६ मध्ये या स्पष्टीकरणातली अडचण दाखवून दिली. ज्या फांदीवर दगडफुलाचा मागमूस नाही, तिथल्या घरट्यालाही पक्षी दगडफुलाचे तुकडे लावतात. त्यांचा तर्क असा की फिकट, चकचकीत ठिपके प्रकाश परावर्तित करतात आणि पानांतून मागून येणाऱ्या उजेडात घरट्याची बाह्यरेषा विरून जाते. मला हा तर्क जास्त पटतो, कारण त्यात पक्ष्याला प्रत्येक फांदीचा रंग ओळखून साहित्य जुळवावं लागत नाही. आपल्या मुद्द्यासाठी महत्त्वाचं इतकंच की आई घरट्यावर नसतानाही हे लपवण्याचं काम चालू राहतं.

घरटं म्हणजे नुसती वाटी नव्हे, तिची जागाही त्यात धरली पाहिजे, हे विल्यम कॅल्डर यांनी मोजून दाखवलं. ॲरिझोना विद्यापीठाचे कॅल्डर १९७०च्या दशकात कोलोरॅडोतल्या गॉथिक इथल्या रॉकी माउंटन बायॉलॉजिकल लॅबोरेटरीच्या परिसरात ब्रॉड-टेल्ड हमिंगबर्डचा अभ्यास करत होते. उंची सुमारे २९०० मीटर, आणि उन्हाळ्यातही रात्री गोठणबिंदूच्या जवळ जाणाऱ्या. निरभ्र रात्री उघड्यावरची कुठलीही ऊबदार वस्तू आपली उष्णता थंड आकाशाकडे फेकत असते. शेतकऱ्याला दव आणि हिमकण कधी पडणार हे ज्यावरून कळतं, तेच हे शास्त्र. ब्रॉड-टेल्ड माद्या घरट्यासाठी अशी फांदी निवडतात की लगेच वर दुसरी फांदी छपरासारखी आलेली असेल. या छपरामुळे पाखराच्या पाठीवरून आकाशाकडे जाणारी उष्णता अडते, असा कॅल्डर यांचा निष्कर्ष होता. त्याआधी त्यांनी वायोमिंगमध्ये कॅलिओप हमिंगबर्डचा असाच अभ्यास केला होता. अमेरिकेत आणि कॅनडात वीण करणारा हा सर्वांत लहान पक्षी, वजन अडीच ग्रॅमच्या आसपास. तोही सूचिपर्णी झाडाच्या फांदीखाली, बहुतेकदा जुन्या शंकूंच्या घोसावर घरटं बसवतो, जिथे ते आणखी एक शंकू असल्यासारखं दिसतं. उंची आणखी वाढली की बांधणी आणखी बदलते. पेरूच्या पठारांवर, जवळपास ४००० मीटर उंचीवर राहणाऱ्या अँडियन हिलस्टारचा अभ्यास लिन कार्पेंटर यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. तिथे झाडं विरळ, म्हणून मादी गुहेत किंवा कड्याच्या कपारीत, खडकाला चिकटवून जाडजूड घरटं करते. कड्याच्या आडोशाने रात्रीचा कडाका बोथट होतो. इक्वेडोरियन हिलस्टारच्या बाबतीत चांगल्या कपारी इतक्या मोजक्या असतात की एरवी एकमेकींना जवळ फिरकू न देणाऱ्या माद्या एकाच कड्यावर शेजार करतात.

पिल्लं बाहेर आली की घरट्याचं काम बदलतं. अंड्यातून निघालेलं रुबी-थ्रोटेडचं पिल्लू जेमतेम सहा दशांश ग्रॅमचं, उघडं, आंधळं. तीन आठवड्यांच्या आत ते आईइतकं होतं आणि दोन्ही पिल्लं त्याच वाटीत असतात. ती मावतात, कारण कोळिष्टकाने बांधलेली भिंत ताणली जाते. शेवटी शेवटी वाटी पसरून तिची थाळी झालेली असते. सुरुवातीला घट्ट आणि खोल, मग रुंद आणि उथळ, असा हा बदल पिल्लांच्या गरजेशी बरोबर जुळतो. उघड्या पिल्लांना खोल, बंदिस्त ऊब हवी. पिसं फुटलेल्या पिल्लांना ऊब कमी आणि जागा जास्त लागते. साधारण दहा-बारा दिवसांत पिल्लांच्या अंगात स्वतःची उष्णता राखण्याची ताकद येते. दोघं एकमेकांना चिकटून, वाटी भरून बसलेली असतात आणि आई दिवसाच नव्हे, रात्रीही त्यांच्यावर बसणं थांबवते. इतक्या लहान पक्ष्याच्या पिल्लांना आईशिवाय थंड रात्र काढता येते, याचं श्रेय पिल्लांच्या जोडीला आणि त्या वाटीला मिळून द्यावं लागेल. अंडी दोनच का, याची कारणं अनेक सांगितली जातात. मला वाटतं, एका पोटाखाली झाकतील इतकी, आणि आई गेल्यावर परस्परांना ऊब देतील इतकी, ही दोन्ही गणितं दोन या आकड्यावर येऊन थांबतात.

आता शिंजिराची हरकत. शिंजिराचं घरटंही कोळिष्टकाचंच, वर सालीचे तुकडे, अळ्यांची विष्ठा असलं काहीबाही लटकवलेलं. शिवाय ते बंद पिशवीसारखं असतं, बाजूने दार, दारावर छोटासा छज्जा. आतून मऊ लव. ऊब धरण्यात ते हमिंगबर्डच्या उघड्या वाटीपेक्षा सरस असायला हवं. अंडीही बहुधा दोनच. घरटं जर दुसऱ्या पालकाचं काम करत असेल, तर शिंजिराचा नर पिल्लांना भरवायला का येतो? हरकत खरी आहे, पण तिने माझं म्हणणं खोडलं जात नाही, उलट ते नेमकं व्हायला मदत होते. शिंजिराचा नर पिल्लांना भरवतो, पण अंड्यांवर बसत नाही. घरटं बांधणं आणि उबवणं ही दोन्ही कामं तिथेही मादीच करते. म्हणजे चांगल्या घरट्याने नराची सुटका केली ती बसण्याच्या कामातून. भरवण्याचं काम वेगळं राहिलं. शिंजीर पिल्लांसाठी मुख्यतः कोळी, अळ्या, किडे चोचीत धरून आणतो. एका फेरीत थोडंच येतं, म्हणून फेऱ्या खूप आणि त्यासाठी दोघंही लागतात. हमिंगबर्डची मादी मकरंद आणि बारीक किडे गळ्याच्या पिशवीत भरून आणते आणि लांब चोच पिल्लाच्या घशात घालून ते आत ओतते. एका फेरीत भरपूर येतं, तासाला एक ते तीन-चार फेऱ्यांत भागतं. किंमत ती वेळेत मोजते: शिंजिराची पिल्लं पंधरवड्याच्या आसपास घरटं सोडतात, हमिंगबर्डची तीन आठवडे आणि काही जातींत त्याहूनही जास्त थांबतात. म्हणून माझं म्हणणं असं नीट करतो: घरट्याने जागा घेतली ती उबवणाऱ्या जोडीदाराची, भरवणाऱ्या जोडीदाराची जागा घेतली ती गळ्याच्या पिशवीने आणि संथ वाढीने.

नर का नाही, याची रूढ उत्तरं या तुलनेपुढे फिकी पडतात. एक उत्तर असं की मकरंद मुबलक मिळतो, म्हणून मादीला मदत लागत नाही आणि नर मोकळा सुटतो. पण मकरंद शिंजिरालाही मिळतो. दुसरं उत्तर असं की चमकदार नर घरट्यापाशी आला तर शिकाऱ्याला पत्ता सांगेल. पण जांभळा शिंजीर विणीच्या दिवसांतच सर्वांत जास्त झळकत असतो आणि त्याच रंगात पिल्लांना चारा आणतो. या दुसऱ्या उत्तरात एक अंश मात्र राखून ठेवण्यासारखा आहे. कोस्टा रिकात अनेक दशकं राहून पक्ष्यांची घरटी पाहणारे अलेक्झांडर स्कच यांनी १९४९ मध्ये असा विचार मांडला होता की उष्ण प्रदेशात घरट्याकडे होणारी प्रत्येक ये-जा शिकाऱ्याला दिशा दाखवते, त्यामुळे फेऱ्या कमी ठेवणाऱ्या पक्ष्यांचा फायदा होतो. हा विचार रंगाला नव्हे, फेऱ्यांना दोष देतो, आणि एकट्या, गळाभर आणणाऱ्या, संथपणे वाढवणाऱ्या आईला तो चपखल बसतो. नर कुठेच नसतो का, असाही प्रश्न आहे. स्पार्कलिंग व्हायोलेटइअर या दक्षिण अमेरिकी जातीत नर अंड्यांवर बसल्याच्या तुरळक जुन्या नोंदी आहेत. पण त्या जातीत नर आणि मादी सारखेच दिसतात. पायात कडं घातल्याशिवाय कोण बसलं होतं हे सांगणं कठीण, म्हणून अशा नोंदींवर फार बोजा टाकू नये.

याहून अवघड हरकत मॅनाकिन या पक्ष्यांची आहे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण जंगलांतले हे फळं खाणारे पक्षी. नर नाच करून दाखवण्यात दंग, मादी एकटी दोन पिल्लं वाढवते, आणि तिचं घरटं इतकं विरळ असतं की खालून अंडी दिसावीत. तिथे घरट्याने काहीच उचललेलं नाही, तरी बाप गैरहजर. हे मान्य करावंच लागतं. एकटेपणासाठी भक्कम घरटं अनिवार्य नाही, निदान जिथे रात्र ऊबदार असते तिथे. हमिंगबर्डमध्येही सखल, दमट रानातल्या हर्मिट गटाच्या माद्या पाम किंवा हेलिकोनियाच्या लोंबत्या पानाच्या टोकाला, पानाच्या खालच्या बाजूने, शंकूच्या आकाराचं सैलसर घरटं लावतात. पान हेच त्याचं छप्पर. मादी पानाकडे तोंड करून, मान मागे टाकून बसते. व्हेनेझुएलातला सूटी-कॅप्ड हर्मिट तर कोळिष्टकाच्या एकाच दोरावर घरटं टांगतो आणि ते कलू नये म्हणून त्याला मातीचे गोळे लावतो. इथे कसब आहे ते तोल आणि आडोशाचं, ऊब दुय्यम. फरक पडतो तो यानंतर. मॅनाकिन त्या उष्ण रानांतच राहिले. हमिंगबर्ड मात्र त्याच एकट्या आईला घेऊन अँडीजच्या गारठ्यात चढले आणि रुफस हमिंगबर्डच्या रूपाने दक्षिण अलास्कापर्यंत वीण करू लागले. बाप आधी सुटला की घरटं आधी सुधारलं, हे जीवाश्मांवरून कळणार नाही, कारण कोळिष्टक दगडात उतरत नाही. पण एकटी आई थंडीत नेण्याचं काम त्या वाटीशिवाय झालं नसतं, एवढं म्हणायला आधार पुरेसा आहे. आपल्याकडची सुगरणही या बाजूने साक्ष देते: घरटं विणतो नर, पण ते पुरतं झालं की अंड्यांवर मादी एकटी बसते आणि नर दुसऱ्या घरट्याच्या विणकामाला लागतो.

घरट्यालाही मर्यादा आहे, आणि ती कॅल्डर यांनाच दिसली. दुपारपासून पाऊस लागला आणि मादीला संध्याकाळचं पोटभर खाणं मिळालं नाही, अशा रात्री ब्रॉड-टेल्ड मादी अंड्यांवर बसल्या बसल्याच शरीर थंड पडू देते, असं त्यांनी आणि जोॲन बूसर यांनी १९७३ मध्ये ‘सायन्स’मध्ये नोंदवलं. मी वर ‘सहसा’ म्हटलं ते यासाठी. जोडीदार असता तर ही वेळ आली नसती. मर्यादेची दुसरी खूण हंगामाच्या मध्यावर दिसते: पहिली पिल्लं अजून मागत असतानाच काही माद्या दुसरं घरटं बांधायला घेतात आणि दोन ठिकाणी धावत राहतात. जोडीने संसार करणाऱ्या पक्ष्यांत अशा वेळी पहिली पिल्लं नराकडे जातात.

घरट्याला राखण करता येत नाही, ही शेवटची हरकत. अंडी खाणारा पक्षी आला तर वाटी काय करणार? याचं उत्तर ॲरिझोनातल्या चिरिकाहुआ पर्वतात मिळालं, आणि ते पुन्हा जागेच्या निवडीत आहे. हॅरल्ड ग्रीनी आणि सहकाऱ्यांनी तिथे ब्लॅक-चिन्ड हमिंगबर्डची घरटी शोधली तेव्हा ती कूपर्स हॉक आणि नॉर्दर्न गॉसहॉक या शिक्र्याच्या नातलगांच्या घरट्यांभोवती गोळा झालेली आढळली. २०१५ च्या त्यांच्या लेखात ३४२ घरट्यांपैकी सुमारे ८० टक्के घरटी अशी होती. हमिंगबर्डची अंडी खाणारा तिथला मुख्य पक्षी म्हणजे कावळ्याच्या कुळातला मेक्सिकन जे. हॉक वरून झडप घालतात, म्हणून त्यांच्या घरट्याजवळ मेक्सिकन जे उंचावरून, म्हणजे हॉकच्या वरच्या बाजूने वावरतात आणि खालचा पट्टा टाळतात. हॉकच्या घरट्याखाली शंकूच्या आकाराची एक निर्धोक जागा तयार होते आणि तिच्यातली हमिंगबर्डची घरटी वाचतात. हमिंगबर्ड इतका लहान की हॉकला त्याच्या मागे लागणं परवडत नाही. मादीला हे सगळं राजकारण कळतं असं समजायचं कारण नाही. गेल्या वेळी जिथे पिल्लं उडाली तिथेच परत यायचं, एवढ्या सवयीने ती तिथे पोचत असावी. शिंजिराच्या पिल्लांजवळ नर किलबिलाट करत येतो; इथे दुसऱ्याच जातीचे दोन आडदांड पक्षी आपल्या पिल्लांसाठी बसलेले असतात आणि खालच्या भाडेकरूला त्याचा फायदा मिळतो.

राखणीचं आणखी एक साधन पिल्लाच्याच अंगावर असावं, अशी शंका पनामातून आली आहे. सोबेरानिया राष्ट्रीय उद्यानात व्हाइट-नेक्ड जॅकोबिन जातीच्या घरट्यातलं एक पिल्लू संशोधक जे फॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं. त्याच्या पाठीवर लांब तपकिरी लव होती, आणि गांधीलमाशी जवळ आली तेव्हा त्याने डोकं अळीसारखं झटक्याने हलवलं. त्या भागात विषारी केसांच्या अळ्या असतात, त्यांची ही नक्कल असावी, असं त्यांनी २०२५ मध्ये लिहिलं. घरट्याचं अस्तरही तशाच केसाळ साहित्याचं होतं. मला हे निरीक्षण मोहात पाडतं, कारण आई दूर असताना घरटं आणि पिल्लू मिळून पहारा देतात असं त्यातून निघेल. पण हे एका घरट्यावरचं, एका पिल्लाचं निरीक्षण आहे. आणखी घरटी पाहून, लव काढलेल्या आणि न काढलेल्या नकली पिल्लांवर शिकारी कसे वागतात हे मोजल्याशिवाय ते या युक्तिवादात जमेला धरता येणार नाही.